एकवीस चिंचोके

शालिग्राम देवतळेचं डोकं गणितात चालत नाही, ही गोष्ट रायपूरच्या टिकरापाऱ्यात, नातेवाइकांत आणि भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती तो स्वतःच सांगत फिरायचा. कुणी वय विचारलं तर हा जन्माचं साल सांगून मोकळा व्हायचा. वजाबाकी ज्याची त्यानं करावी. पंचवीस वर्षं तो बिल्ट्या लिहीत होता, म्हणजे माल कुणाचा, कुठून निघाला, कुठं जायचा, याचे कागद. अक्षर वळणदार, खाडाखोड नावाला नाही. पण पोत्यांच्या वजनाची बेरीज आली की कागद शेजारच्या रामकृष्णकडे सरकवायचा आणि हसत म्हणायचा, "हे आपलं काम नाही भैया. ते डोकं आमच्या दादाच्या वाट्याले गेलं." लोक आपली उणीव झाकतात; यानं ती दारावर पाटीसारखी लावली होती.

दादा म्हणजे श्यामकांत, दोन वर्षांनी मोठा. इंजिनिअर झाला, उभी नोकरी भोपाळला सरकारी खात्यात काढली, आणि नवं राज्य झालं तसा मोठा साहेब होऊन रायपूरला परत आला. शंकर नगरात बंगला मिळाला, दारात पांढरी गाडी उभी राहिली. गावाची राजधानी झाली होती. रस्ते खणलेले, जुन्या पाट्यांवर नवा रंग, आणि शालिग्रामच्या बिल्ट्यांवर 'म.प्र.' खोडून 'छ.ग.' लिहायचं. या गोष्टीला आता चौथं वर्ष होतं. तीस वर्षांनी दोघे भाऊ पुन्हा एका गावात आले, आणि शालिग्रामला दादाचा अभिमान इतका, की कुणाला सोडायला शंकर नगरकडे गेला तरी वाकडी वाट करून तो बंगला दाखवून आणायचा.

शालिग्रामच्या मुलीच्या, मीनलच्या, लग्नाला अकरा दिवस उरले होते तेव्हा तो डबा सापडला. पाहुण्यांच्या गाद्यांना जागा व्हावी म्हणून इंदू, शालिग्रामची बायको, माळ्यावरचं सामान खाली काढत होती. तिनं वरूनच विचारलं, "हा दुधाच्या पावडरचा डबा फेकू काय हो? आत काहीतरी खडखडते."

शालिग्रामनं झाकण उघडलं आणि तो तिथंच खाली बसला. डबा बाबांचा होता. गुलाबराव देवतळे रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन दोन्ही पोरांना समोर बसवायचे आणि कोडी घालायचे. कोडी लिहिलेली असायची रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर, जांभळ्या पेन्सिलीनं. ते कागद डब्यात होते. आणि कागदांखाली एकवीस चिंचोके होते, हात लागून लागून गुळगुळीत झालेले.

चिंचोक्यांचा खेळ रोजचा. एकवीस चिंचोके मांडायचे. आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन उचलायचे. त्याहून जास्त नाही, आणि पाळी सोडायची नाही. शेवटचा चिंचोका ज्याला उचलावा लागेल तो हरला. देवतळ्यांच्या घरात आणखी एक नियम होता: लहान्याचा मान पहिला. ताटात पहिली पोळी लहान्याला, पुरणाचा पहिला घास लहान्याला, पहिली आंघोळ लहान्याची. तशी खेळातली पहिली पाळीही लहान्याची. बाबा शालिग्रामकडे पाहून हात पुढे करायचे, "चाल राजा, तुझा मान." आणि शालिग्राम मान मिळाल्याच्या आनंदात पहिला चिंचोका उचलायचा, आणि हरायचा. एखाद्या दिवशी नाही, तीन वर्षं रोज.

त्या काळी नववीलाच विषय घ्यावे लागायचे. बाबांनी श्यामकांतला गणित दिलं, दोन वर्षांनी शालिग्रामला कला शाखेत घातलं. रागावले नाहीत, टाकून बोलले नाहीत. नुसता डोक्यावरून हात फिरवला. शालिग्रामला त्यात अन्याय वाटायचं कारणच नव्हतं. त्याचं डोकं कसं आहे ते त्यानं रोज संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढे त्याला विशाल आणि मीनल झाले, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातले चिंचोके घेऊन तोच खेळ त्यांना शिकवला, त्याच नियमासकट. विशाल मोठा, तो जिंकायचा. मीनल लहान, ती हरायची. म्हणून विशालला गणित, भिलाईचं कोचिंग, इंजिनिअरिंग. तो आता पुण्याला नोकरीत होता. मीनलला दहावीला गणितात त्र्याण्णव मार्क पडले आणि ती म्हणाली, "पापा, मैं भी मैथ्स ले लूँ?" तेव्हा शालिग्रामनं तिला जवळ घेऊन समजावलं, "पेपर सोपा असन बेटा. तू माह्यावर गेली. आपल्याले नाही झेपत ते." घरात चिंचोक्यांचा निकाल असताना बोर्डाच्या मार्कांना कोण विचारतो? मीनलनं गृहविज्ञान घेतलं, पदवी झाली, वर्ध्याचं स्थळ आलं. सगळं रीतसर झालं.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम डबा पिशवीत घालून ऑफिसला घेऊन गेला. दिवसा शहरात ट्रकांना बंदी, त्यामुळे भनपुरीत दुपार मोकळी असते. रांगेनं ट्रक उभे, ड्रायव्हर खाली सावलीत झोपलेले. रामकृष्ण जेवायला घरी गेला होता. शालिग्रामनं सहज म्हणून एक कागद काढला. बाबांचं अक्षर पाहायला मिळावं, एवढाच हेतू.

कागदावर होतं: एका दुकानदाराचा चाळीस शेरांचा दगड पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. पण दुकानदार रडला नाही. त्या चार तुकड्यांनी त्याला एक शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कोणतंही पूर्ण वजन तोलता येऊ लागलं. तर तुकडे किती किती शेरांचे?

दादानं हे आठवड्यात सोडवलं होतं. शालिग्रामनं तेव्हा नुसतं तोंड पाडलं होतं. आज त्याची नजर कागदावरून उठली ती समोर गोदामातल्या काट्यावर गेली. तिथं हमाल काय करतात ते तो पंचवीस वर्षं पाहत होता. लहान माप जागेवर नसलं, की मोठं माप एका पारड्यात टाकायचं आणि मालाच्या पारड्यातही एखादं माप ठेवून फरक काढायचा. म्हणजे माप दोन्हीकडे ठेवता येतं! एक आणि तीन असले तर दोनसुद्धा तोलता येतात: इकडे तीन, मालाकडे एक. आणि चार. मग पाचासाठी? नऊ घ्यायचे, मालाकडे चार. त्यानं बिल्टीच्या मागं लिहायला सुरुवात केली. एक, तीन, नऊ. तेरापर्यंत सगळं आलं. मग सत्तावीस. बेरीज केली. चाळीस. त्यानं ती बेरीज तीनदा केली, कारण बेरीज आपण केली आणि बरोबर आली यावर त्याचा विश्वास बसेना.

रामकृष्ण परत आला तेव्हा शालिग्राम दोन प्लेट समोसे मागवून त्याची वाट पाहत होता. "कोई खुशखबरी है क्या, देवतळे?" त्यानं विचारलं. शालिग्रामनं कागद पुढे केला. रामकृष्णनं तो उलटा-सुलटा केला, त्याला काही कळलं नाही, आणि शालिग्रामला त्याचंही सुख झालं.

पुढचे तीन दिवस तो हवेत होता. पत्रिका वाटायच्या, मंडपवाल्याला गाठायचं, हे सगळं अंगावर असताना हा माणूस दुपारी कागद काढून बसायचा. वाघ, बकरी आणि गवताची पेंढी होडीतून पलीकडे न्यायची. ते तर पाच मिनिटांत. नऊ घरांत एक ते नऊ आकडे असे भरायचे की कुठूनही बेरीज पंधरा यावी; त्यात एक दुपार गेली, पण आले. इंदूला म्हणाला, "मले जमून राहिलं व!" इंदू म्हणाली, "ते जमवा, पण आचाऱ्याचं काय झालं?" एकोणपन्नासाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा वाटत होतं की आपल्या कवटीत काहीतरी आहे. मग तेव्हा का जमलं नाही, हा प्रश्न त्याला सुचला नाही. आनंदात असलेल्या माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत.

चौथ्या दिवशी कागद संपले आणि चिंचोके उरले. खेळायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं डाव्या हाताला लहाना केलं आणि उजव्याला दादा. डावा पहिला, अर्थात. मान होता त्याचा. डावा हरला. पुन्हा मांडले. या वेळी डाव्या हाताला नीट विचार करून खेळवलं. एक उचलला, उजव्यानं तीन. दोन उचलले, उजव्यानं दोन. तीन उचलले, उजव्यानं एक. डाव्यानं काहीही केलं तरी उजव्याला दोघांचे मिळून चार करता येत होते. शालिग्रामचा हात थांबला. त्यानं खेळ मोडला आणि चिंचोके टेबलावर चार-चारच्या ढिगात मांडले. एक ढीग, दोन, तीन, चार, पाच. आणि बाजूला एक उरला.

तो एक कुणाचा, ते त्याला आता कळलं. तो पहिल्यापासूनच त्याचा होता. दुसऱ्याला युक्ती माहीत असली की पहिल्यानं हरायचंच. डोकं असो वा नसो. बाबा "तुझा मान" म्हणून हात पुढे करायचे तेव्हाच खेळ संपलेला असायचा.

बाहेर ट्रक लागले, हमाल हाका मारायला लागले, रामकृष्णनं दोनदा बिल्टी मागितली. शालिग्राम टेबलावरच्या पाच ढिगांकडे पाहत बसला. आपण ढ नव्हतो, हे कळल्यावर माणसाला खरं तर आनंद व्हायला हवा. त्याला रडू यायला लागलं. ढ होतो तोवर सगळं जागच्या जागी होतं: कला शाखा, बिल्ट्या, टिकरापाऱ्यातल्या दोन खोल्या, दादाचा बंगला. आता त्यातलं काहीच जागेवर राहिलं नव्हतं. आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय आता राहवणार नव्हतं. दादाला हे माहीत होतं का?

दोन दिवसांनी संधी मिळाली. मीनलच्या पाटल्या सदर बाजारातल्या सराफाकडे पॉलिशला दिल्या होत्या आणि श्यामकांत म्हणाला होता, मी गाडी घेऊन येतो, सोनं घेऊन स्कूटरवर फिरू नको. प्रत्यक्षात गाडी स्कूटरच्या गर्दीत शिरलीच नाही. ती कोपऱ्यावर सोडून दोघे चालत दुकानात आले. सराफानं गादीवर बसवलं, "बस दस मिनट भैया" म्हणून चहा मागवला. चहावाल्या पोरानं एकच कप आधी आणला, तो श्यामकांतनं शालिग्रामपुढे सरकवला. "घे. लहान्याचा मान पहिला."

शालिग्रामनं कप बाजूला ठेवला. खिशातून चिंचोके काढले आणि पांढऱ्या गादीवर चार-चारचे पाच ढीग मांडले, एक बाजूला.

"बाप्पा!" श्यामकांतचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "कुठं सापडले रे हे?"

"दादा, हे तुले माहीत होतं?"

"कोनतं?"

"हेच. पहिले खेळन तो हरन, हे."

"हव," श्यामकांत हसत म्हणाला. त्यात काही लपवायचं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. "महिनाभरातच समजलं होतं. चार पुरे करत जायचे, बस."

"अन् बाबाले?"

"बाबालेच तं जाऊन सांगितलं मी. ते म्हणे, शाबास. पण लहान्याले सांगू नको, त्याचं त्याले सुचू दे."

शालिग्रामनं बाजूला उरलेला चिंचोका उचलून मुठीत आवळला. आता कुठं श्यामकांतच्या लक्षात आलं की ही गंमत चाललेली नाही. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अरे, ते वाट पाहून राहिले होते तुझी. तीन वर्षं. तू एकदा तरी म्हणशीन, का आज दादा पहिले खेळन. जिंकायचं नव्हतंच तुले. फक्त एवढं म्हणायचं होतं. नववीच्या वेळेला ते आईले म्हणे, पोरगा गुणी आहे, पण त्याले प्रश्न पडत नाही."

"पण तो मान होता ना दादा." शालिग्राम म्हणाला. "बाबा हातानं देत होते. त्यायले नाही कसं म्हणायचं?"

श्यामकांत ढिगातला एक चिंचोका उचलून बोटात फिरवत राहिला. "मी बारा वर्षांचा होतो," तो म्हणाला. मग चिंचोका परत ढिगात ठेवत, "अन् मले वाटलं, मोठेपणी तुले समजलंच असन. एवढं सोपं..." वाक्य त्यानं अर्ध्यात सोडलं, पण उरलेलं शालिग्रामला ऐकू आलं.

सराफानं लाल कागदात पाटल्या आणून ठेवल्या. "देख लीजिए भैया, एकदम नई जैसी." दोघांनी पाहिल्या, छान आहेत म्हणाले.

शालिग्राम भांडायच्या तयारीनं आला होता. दोन रात्री त्यानं वाक्यं जुळवली होती. दादानं चोरी कबूल केली असती तर त्याला शिव्या देता आल्या असत्या, बाबांनी कपट केलं असतं तर भिंतीवरची तसबीर उतरवून ठेवता आली असती. पण चोर कुणीच नव्हता. बाबा रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसून, त्यानं एक वाक्य बोलावं म्हणून वाट पाहत होते, आणि तो शहाण्या मुलासारखा मान घेत होता. आज्ञाधारकपणाबद्दल त्याला उभ्या जन्मात सगळ्यांनी वाखाणलं होतं. त्याच आज्ञाधारकपणानं त्याला बुडवलं होतं.

परतीच्या वाटेवर श्यामकांत गाडी चालवत होता. सदर बाजारातून बाहेर पडायलाच अर्धा तास लागला. शालिग्रामच्या मांडीवर पाटल्यांची डबी होती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर सराफानं लिहिलं होतं, 'मीनल बिटिया'. ते नाव त्यानं पुन्हा एकदा वाचलं. दोन दिवस तो फक्त स्वतःसाठी रडत होता. बाबांनी निदान युक्ती माहीत असून वाट पाहिली. यानं तर काही माहीत नसताना, तसेच चिंचोके, तोच नियम, पोरीपुढे मांडला होता. त्र्याण्णव मार्क. पेपर सोपा असन बेटा.

"गाडी थांबव," तो म्हणाला.

"काहून? काय झालं?"

"काही नाही. चालव."

घरी पोचला तेव्हा पाच वाजले असतील. इंदू शेजारणीकडे पापड आणायला गेली होती. मीनल व्हरांड्यात चटईवर बसून उरलेल्या पत्रिकांवर पत्ते लिहीत होती. तिचं अक्षर हुबेहूब त्याच्यासारखं होतं. त्यानं पाटल्यांची डबी तिच्याजवळ ठेवली. तिनं ती उघडलीही नाही, आधी त्याच्याकडे पाहिलं. "क्या हुआ पापा? ताऊजी से कुछ हुआ?"

"काही नाही." तो समोर बसला. खिशातून चिंचोके काढून चटईवर ओतले. "एक डाव खेळतं का?"

मीनल हसली. "अब? इतने कार्ड बाकी हैं."

"एकच. पण आज मी पहिले."

तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं पेनचं टोपण लावलं, सरावासाठी नेसलेल्या जुन्या साडीचा पदर खोचला आणि पत्रिका बाजूला सारल्या. शालिग्रामनं दोन उचलले. मीनलनं दोन उचलले. त्यानं एक उचलला, तिनं तीन. त्यानं तीन उचलले, तिनं एक. ती मोजत नव्हती, चिंचोक्यांकडे पाहतही नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे पाहत होती आणि बोटं आपोआप चार पुरे करत होती. चौथ्या फेरीलाच त्याला कळून चुकलं, तरी तो खेळत राहिला, कारण थांबलं तर विचारावं लागलं असतं. पाचवी फेरी झाली. चटईवर एक चिंचोका उरला आणि पाळी शालिग्रामची होती.

"कधीपासून माहीत आहे तुले?" त्यानं विचारलं.

"पाँचवीं से।"

"अन् विशालले?"

"भैया को तो मैंने सिखाया था पापा। वो बार-बार भूल जाता था।"

"तूनं?"

"वो हारता था तो आप उसको डाँटते थे। मोठा असून हारते, म्हणून. वो रोता था। तो मैंने सिखा दिया।" ती हे अशा आवाजात सांगत होती की जणू भावाचा शर्ट इस्त्री करून दिला.

विशालचं कोचिंग, विशालचं कॉलेज, पहिल्या नोकरीचे पेढे. सगळं शालिग्रामच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी मागे कुठंतरी ही पोरगी ताट घेऊन उभी होती. "मग तू काहून हारत होती?" तो कसाबसा म्हणाला. "मले सांगायचं. एकदा सांगायचं होतं बेटा. मी तुले गणित दिलं असतं. कुठंही पाठवलं असतं."

मीनलनं मान खाली घातली. "मैं हारती थी तो आप मुझे गोद में लेते थे," ती म्हणाली. "भैया की तो बस पीठ थपथपाते थे। मुझे गोद में लेके बोलते थे, माझी पोट्टी, माझ्यावर गेली. ताऊजी जैसे सब होशियार, और हम दोनों बुद्धू।" ती किंचित हसली. "मैं जीत जाती तो आप अकेले पड़ जाते न पापा।"

व्हरांड्याच्या बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. शालिग्रामनं पोरीच्या हाताकडे पाहिलं. बोटांना शाई लागली होती. लग्नाला पाच दिवस होते. मोडावं का हे? कुणाला काय सांगून मोडणार? आणि मोडून तरी ती पाच-सात वर्षं कुठून आणणार? त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "आता... आता गणित घेतलं तं?"

"अब क्या, पापा," मीनल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला तिच्या पाया पडता आलं असतं.

तो शेवटच्या चिंचोक्याकडे पाहत बसला. उचलायला हवा होता; नियम होता, पाळी सोडायची नाही. हात मांडीवरून उठेना. त्यानं एकदा प्रयत्न केला, बोटं चटईपर्यंत गेली आणि परत मांडीवर आली. मीनलनं ते पाहिलं. लहानपणापासून ती त्याचे हात पाहत आली होती.

"रहने दो पापा," ती म्हणाली, आणि पुढे वाकून तिनं तो चिंचोका स्वतः उचलला. मग सगळे गोळा करून खिडकीत ठेवलेल्या त्या जुन्या डब्यात टाकले, झाकण लावलं, आणि पुढची पत्रिका ओढून घेत विचारलं, "नागपूरच्या मावशीचा पिन कोड काय आहे?"